ओल्या चाकाचा कडता

जिंतूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारे धम्मदीप सर तसे नाकासमोर चालणारे गृहस्थ. वर्गात आवाज चढवायचा नाही, चहात साखर दीड चमचा, परीक्षेचे पेपर वेळेच्या आधी तपासून तयार. अशा सरळ माणसाला आयुष्यात एकच नाद लागला, पण तो असा लागला की घरच्या गाडीचं बूड खरचटून निघालं.

घरात एकच गाडी, वीस वर्षांची लाल झेन. सरांनी तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढल्या आणि पुण्याच्या कोणा हौशी माणसाकडून वापरलेल्या, शर्यतीच्या स्प्रिंगा आणून बसवल्या. या स्प्रिंगांच्या खाली आटे पाडलेली एक कडी असते. ती पान्यानं फिरवली की गाडीचा तेवढा कोपरा वर उचलतो नाहीतर खाली बसतो. सरांनी चारही कोपरे खाली बसवले. गाडी इतकी बुटकी झाली की शेजारची केशरबाई रोज विचारायची, ‘सर, चारी चाकं पंक्चर हायेत का?’

शर्यत कसली, तर परभणीच्या बाहेर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या सिमेंटच्या आवारात तीन-तीन महिन्यांनी दहा-बारा हौशी मंडळी जमायची. प्लास्टिकचे लाल शंकू मांडून नागमोडी वाट आखायची, एकेका गाडीनं एकटीनंच त्यातून पळायचं आणि घड्याळ लावायचं. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. पहिल्याला स्टीलचा पाच किलोचा डबा. त्या डब्यासाठी चांगले शिकलेसवरलेले लोक भर उन्हात घाम गाळायचे.

सर दोनदा गेले आणि दोनदा शेवटचे आले. पण गाडी पहिल्यांदा शंकूंमधून गर्रकन वळली, तेव्हा पंधरा वर्षं फळ्यावर काढलेले बाण सरांना स्वतःच्या बरगड्यांत कळले. एवढा आनंद आपल्याला लग्नातही झाला नव्हता, असं त्यांना वाटलं. वाटलं ते ठीक, पण त्यांनी ते घरी बोलून दाखवलं.

घरी सत्यशीला होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. सोमवार ते शनिवार ही गाडी तीच चालवायची. जिंतूर ते तिची शाळा या वाटेवर चौदा गतिरोधक होते, आणि चौदाही ठिकाणी गाडीच्या पोटातून खर्रर्र असा आवाज यायचा. शेवटचा गतिरोधक शाळेच्या फाटकापाशीच. तो आवाज आला की पोरं जागेवर बसून पाढे म्हणायला लागायची. त्यामुळे शाळेची शिस्त सुधारली होती, पण सत्यशीलाला ते काही गोड लागत नव्हतं.

‘आवो, दोनदा शेवटचे आलात,’ एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती म्हणाली. ‘आता तिसऱ्यांदा शेवटचे आलात, तर सोमवारी जुन्या स्प्रिंगा बसवायच्या. आन् ह्या नव्या भंगारवाल्याला द्यायच्या. लेखी द्या.’

‘लेखी कशाला? तुझा माझ्यावर विश्वास न्हाई का?’

‘हाय की. म्हणूनच लेखी मागायले.’

सरांनी लेखी दिलं. तिनं तारीखसुद्धा टाकून घेतली. तेव्हापासून सरांच्या डोक्यात एकच हिशेब. स्प्रिंगा गेल्या तर आपल्या आयुष्यात उरेल काय, तर दीड चमचा साखर.

आपण हरतो कशामुळे, हे सरांनी फिजिक्सच्या माणसासारखं शोधून काढलं. गाडीचं वजन चारी चाकांवर नीट वाटलेलं नव्हतं. बाजेचा एक पाय आखूड असला की ती तिरक्या समोरच्या दोन पायांवर डुगडुगते, तसंच हे. एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतची वजनाची बेरीज आणि दुसऱ्या तिरक्या जोडीची बेरीज सारखी हवी. न जमली तर गाडी एका बाजूला झकास वळते आणि दुसऱ्या बाजूला रुसून सरळ चालू लागते. मोठ्या शहरात चाकांखाली ठेवायचे खास काटे मिळतात. जिंतुरात कुठले? पण जिंतुरात अडत बाजार आहे, आणि अडतीत काट्यांना तोटा नाही.

सरांचा वर्गमित्र दत्तराव अडत्या. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं चार दुकानांतून चार काटे आणवले. फळ्या लावून झेन त्यांच्यावर चढवली, एकेका काट्यावर एकेक चाक. आता अडचण अशी की वजन करताना चालवणारा आत बसलेला हवा, आणि चालवणारा तर पाना घेऊन गाडीखाली. सरांनी भीतभीत सत्यशीलाला विचारून पाहिलं.

‘भर बाजारात मला काट्यावर बसवता? लाज न्हाई वाटत?’

शेवटी बहात्तर किलो हरभऱ्याचं पोतं चालकाच्या जागी बसवून त्याला पट्टा लावला. दत्तरावानं त्याला आपली टोपी घातली. वजन पुकारायला होते बन्सीधर मापाडी.

बन्सीधरकाका म्हणजे बाजारातली अब्रूदार असामी. वय सत्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं काट्यापाशी. नवे काटे आकडा स्वतःच दाखवतात, पण बन्सीधरकाकांनी पुकारल्याशिवाय तो आकडा खरा, असं जिंतुरात कोणी मानत नाही. पहिल्या मापाला ते ‘एक’ कधी म्हणायचे नाहीत. ‘लाभ!’ म्हणायचे. त्यांनी चाकांनाही तोच मान दिला.

‘लाभ! डावं पुढचं, सव्वादोनशे! दोन! उजवं पुढचं, दोनशे अडतीस!’ असं पुकारणं चालू झालं. सर गाडीखालून आकडे वहीत उतरवायचे, कडी फिरवायचे, पुन्हा पुकारा. दोन तासांत दोन्ही तिरक्या बेरजा जुळल्या. सरांना गहिवरून आलं. दत्तरावानं चहा आणि भजी मागवली.

सगळे चहाला गेले तेवढ्यात बाजारातलं एक पिवळं कुत्रं आलं. त्यानं चारी चाकं हुंगली, पुढचं डावं पसंत केलं आणि तंगडी वर केली. दत्तरावानं चप्पल फेकली, पण कुत्र्याचं काम झालं होतं.

चहानंतर सर शेवटची खात्री करायला पुन्हा खाली शिरले.

‘लाभ! दोनशे धा!’ काका म्हणाले.

‘काका, मघाशी सव्वादोनशे होतं ना?’

‘मघाशी व्हतं. आता दोनशे धा हाय.’

बन्सीधरकाकांना दोनदा विचारायची पद्धत नव्हती. स्प्रिंग बसली असणार, असं म्हणून सरांनी डाव्या पुढच्या कोपऱ्याची कडी चांगली चार आटे आवळून तिथलं वजन वाढवलं, तेव्हा कुठे बेरजा पुन्हा जुळल्या. वही मिटून सर घरी आले आणि त्या आठवड्यात वर्गातसुद्धा शीळ वाजवत फिरले.

रविवारी सत्यशीला तो लेखी कागद पर्समध्ये घालून परभणीला आली. बन्सीधरकाकाही आले, स्वच्छ धोतर नेसून. आपण तोललेला माल कसा पळतो ते त्यांना पाहायचं होतं. नऊ गाड्या होत्या. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची.

सरांनी पहिली फेरी सुरू केली. डावीकडची वळणं अशी बसली की लोक खुर्चीतून उठले. मग उजवं वळण आलं. सरांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडी सरळ निघाली. तीन शंकू गेले. पुढच्या उजव्या वळणावर आणखी दोन गेले, आणि त्यातला एक गाडीखाली अडकून शेवटपर्यंत सोबत आला. सत्तर सेकंद, शिवाय दंडाची दहा. सत्यशीलानं पर्सची चेन उघडली.

‘पुढचं डावं चाक जड लागायलंय,’ सर रडवेले होऊन म्हणाले. ‘काका, त्या चाकावर वजन जास्त हाय हो!’

‘जास्त?’ बन्सीधरकाका खवळले. ‘सर, जास्त कसं आसंल? मी तर त्याचा कडता सुद्धा काटलाय!’

कडता म्हणजे ओल्या किंवा मातीच्या मालाच्या वजनातून वजा करायचे किलो. कायद्यानं तो कधीच बंद केला, पण पंचेचाळीस वर्षांची जीभ कायद्यानं थोडीच बंद होते.

‘कडता? चाकाचा?’

‘वल्लं झालं न्हवतं का ते? कुत्र्यानं भिजवलेला माल मी कोरड्याच्या भावानं पुकारू? पंधरा किलो काटले. आमच्या काट्यावर कुणाची लबाडी चालत न्हाई, मग ते कुत्रं का आसंना.’

सरांनी वही उघडली. चहाआधी गाडीचं एकूण वजन आणि चहानंतरचं वजन यांत पंधरा किलोंचा फरक समोर लिहिलेला होता. भजी खाल्ली माणसांनी आणि बारीक झाली गाडी, हे फिजिक्सच्या माणसाला आठ दिवस दिसलं नव्हतं. सरांना काकांवर ओरडावंसं वाटलं, पण त्या स्वच्छ धोतराकडे बघून ओरडवेना. शिवाय चूक कोणाची जास्त, हे वहीत त्यांच्याच अक्षरात होतं.

सर पाना घेऊन सिमेंटवर आडवे झाले. एकेचाळीस अंशाचं ऊन, खाली तापलेली फरशी. आवळलेले चारही आटे सैल करून ते बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते. तसेच ते गाडीत बसले.

ही दुसरी फेरी मात्र नुसती बघत राहावी अशी झाली. डावं वळण, उजवं वळण, पुन्हा डावं. गाडी सरांच्या मनात येण्याआधीच वळत होती. सर मोठ्यानं हसत होते आणि ते हसू बाहेर ऐकू येत होतं. शेवटचं उजवं वळण राहिलं तेव्हा त्यांना दिसलं की आपली बायको खुर्चीवर उभी आहे. मुख्याध्यापिका, पर्स हवेत फिरवत ओरडतेय, ‘उजवीकडं! उजवीकडं वळा!’ सरांनी तिच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणून शेवटचा शंकू पडला.

अठ्ठावन्न पूर्णांक सहा, अधिक दोन. साठ पूर्णांक सहा. त्यांच्या वर आठवा, पालम गावचा दातांचा डॉक्टर आदिनाथ, त्याचे साठ पूर्णांक दोन. सर नववे, म्हणजे शेवटचे.

फळ्यावरचे आकडे वाचून सरांना खरंच रडू आलं. सत्यशीला खुर्चीवरून उतरली. तिनं कागद बाहेर काढला, पण वाचायला काही उघडला नाही. नुसता हातात धरून उभी राहिली.

‘थांबा,’ बन्सीधरकाका म्हणाले.

ते सरांपाशी आले. पोत्यात हात घालून धान्य बघावं तसा त्यांनी सरांचा शर्ट चिमटीत धरला, पिळला, बोटं एकमेकांवर चोळली आणि हुंगली. मग फळ्याकडे तोंड करून त्यांनी साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं पुकारलं.

‘लाभ! माल वल्ला हाय! क्विंटलला किलो, तसा मिनिटाला सेकंद कडता! एकुणसाठ पूर्णांक सहा!’

आदिनाथ डॉक्टर धावत आला. ‘काका, असा कुठं नियम असतोय का? मी पण घामेजलोय!’

काकांनी त्याचा शर्ट चिमटीत धरून पाहिला. डॉक्टरच्या गाडीत एसी होता.

‘कोरडा,’ काका म्हणाले.

घड्याळवाल्यांनी फळा काही बदलला नाही. फळ्यावर सर नववेच राहिले. पण सरांना फळ्याशी काय करायचं होतं? त्यांचा निकाल लागायचा होता दुसरीकडे. त्यांनी सत्यशीलाकडे पाहिलं.

तो शेवटचा शंकू कोणामुळे पडला हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आपण खुर्चीवर कधी चढलो, हे मात्र तिला अजून आठवत नव्हतं. तिनं कागदाची घडी केली, मग घडीची घडी केली.

‘काकांनी पुकारल्याबिगर आकडा खरा न्हाई,’ ती म्हणाली. ‘आख्खं जिंतूर मानतंय, मग मी काय येगळी हाय?’ आणि तिनं तो कागद बन्सीधरकाकांना तंबाखूची पुडी बांधायला देऊन टाकला.

परतीच्या वाटेवर गाडी सत्यशीलाच चालवत होती. काका मागे बसून घोरत होते. जिंतुरात शिरताना पहिला गतिरोधक आला आणि गाडीच्या पोटातून जोरात खर्रर्र झालं. सर डोळे मिटून, अंग चोरून बसले.

‘भ्या नका,’ सत्यशीला म्हणाली. ‘याचा बी कडता धरला.’