फेब्रुवारीतली लढाई

१९४६ च्या दिवाळीत तिसगावचे कापडदुकानदार आसारामशेठ नगरला फक्रुद्दीनच्या छापखान्यात आले आणि म्हणाले, "पुढच्या सालाचं कॅलेंडर काढायचंय. देवादिकांची सगळेच काढतात. आपलं इतिहासाचं हवं. दर महिन्याला एक प्राचीन घटना."

स्वराज्य उंबरठ्यावर आलं होतं आणि ज्याला त्याला पराक्रमी पूर्वज हवे होते. फक्रुद्दीनने मजकुरासाठी राधाकृष्णपंतांना गाठलं. पंत निवृत्त हेडमास्तर. स्वतःला इतिहाससंशोधक म्हणवायचे. संशोधन म्हणजे इंग्रजी पुस्तकांतून उतरवून घेणं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मजकूर लवकरच तयार झाला. मार्चमध्ये सीझरचा खून, जूनमध्ये सिकंदराचा मृत्यू, ऑगस्टमध्ये रोमची लूट, डिसेंबरात शार्लमेनचा राज्याभिषेक.

शेठचा चेहरा उतरला. "पंत, यात आपलं काय?"

"आपल्या लोकांनी शिलालेखांत तिथी कोरल्या. इंग्रजी महिने कुठून आणू?"

"मग सीझर काय तिसगावात धोतरजोडी घ्यायला येणार आहे? आणि हा फेब्रुवारी कोरा कसा?"

"पुस्तकांत काही मिळालं नाही."

"एवढे संशोधक तुम्ही, आणि एक फेब्रुवारी सापडेना?"

हे पंतांना झोंबलं. घरी जाऊन त्यांनी लिहिलं, 'फेब्रुवारी, इसवी सनाचं पहिलं शतक. सातवाहनांच्या सेनापतीने तिसगावच्या ओढ्याकाठी शकांची दाणादाण उडवली.' पुरावा शून्य. पण सातवाहन पैठणचे आणि पैठण काही फार लांब नाही. सैन्य इकडून गेलंच नसेल असं कोण म्हणणार? पंतांनी मनाची समजूत घातली आणि कागद छापखान्यात दिला.

कॅलेंडर भिंतींवर लागलं आणि तिसगावची चाल बदलली. पुरुष छाती काढून चहाला जाऊ लागले. तो सेनापती आपलाच मूळपुरुष, असं दोन घराण्यांनी जाहीर केलं आणि एकमेकांशी बोलणं टाकलं. फेब्रुवारीत विजयदिन करायचं ठरलं. पाहुणे अर्थातच पंत.

रणभूमी ठरली ओढ्याकाठी. तिथे गोजरबाई नावाच्या विधवेचा हरभरा उभा होता, घाटे भरलेले. मिरवणूक आली तेव्हा ती बांधावर आडवी उभी राहिली.

"अवो, हितं कंदी लढाई झाली न्हाई. माज्या आजेसासऱ्यापासनं हितं हरभराच हाय."

"बाई, दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती," शेठ म्हणाले.

"मग आज कशापायी तुडवताय?"

ढोल वाजले आणि तिचं कुणाला ऐकू गेलं नाही. लोक रानात घुसले. सेनापतीच्या नावाने रोवलेल्या दगडाला पहिला हार कुणी घालायचा यावरून दोन्ही घराण्यांत जुंपली आणि काठ्या निघाल्या. पायांखाली हरभऱ्याचा भुगा होऊ लागला. बैलगाडीवर बसलेले पंत ते बघून हादरले आणि उभे राहून ओरडले, "थांबा! ही लढाई झालेलीच नाही! मी ती मनाने लिहिली!"

ढोल थांबले. मग दोन्ही घराणी प्रथमच एक झाली.

"छापलेलं खोटं आसतंय व्हय?"

"नगरकराला खेड्याचा मोठेपना बगवंना!"

पंत गाडीवरून उतरले ते पळतच. टोपी ओढ्यात गेली, चप्पल चिखलात राहिली, आणि अनवाणी पंत फाट्यापर्यंत मागे वळून न बघता धावले.

रान रिकामं झाल्यावर गोजरबाई मोडके डहाळे गोळा करत बसली. शेठ जवळ येऊन समजुतीने म्हणाले, "बाई, नुकसानीचं काय घेऊन बसलात? तुमच्या रानाचं नाव झालं."

"नाव शिजवून खाऊ व्हय?" तिने विचारलं. शेठना दुकान उघडायची घाई होती.

पंतांनी इतिहास सोडायचा निश्चय केला. तो पंधरवडाभर टिकला. मग मिरजगावची मंडळी दारात आली, पुढे गोरक्ष पाटील.

"तिसगावात लढाई, आन् आमी हमरस्त्यावर असून आमच्याकडं कायबी न्हाई? आमालाबी कॅलेंडर काढायचंय."

"अहो पाटील, ते खोटं होतं. मी स्वतः तिथे सांगितलं."

"ऐकलं की आमी. म्हनून तर तुमच्याकडं आलो. बाकीच्यांना कुटं जमतंय?"

इतकी शुद्ध दाद पंतांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी दौत पुढे ओढली.

"महिना कोणता देऊ?"

"मे द्या," पाटील विचार करून म्हणाले. "तवा रानं मोकळी आसत्यात."