मापात पाप

"चौतीस, जरा सैल!" मास्तरांनी आत आवाज दिला आणि कुलूपवाला वाकून बघायच्या आत त्याच्या कमरेवरचा टेप ओढून घेतला.

आत मास्तरीणबाईंनी कापडावर खडूने छत्तीस लिहिलं. 'जरा सैल' म्हणजे वर दोन इंच आणि 'नेहमीचं' म्हणजे चार, हे नवरा-बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पोटाचा बोभाटा चारचौघांत करणारा शिंपी शिंपी नव्हे, दवंडीवाला, असं मास्तरांचं मत होतं. नवी पँट चढवून आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण होतो तसेच आहोत असं वाटलं पाहिजे. मापात पाप करतात ते माप कमी देणारे. मास्तर कापड भरपूर सोडत, पाप काय ते बोलण्यात करत, आणि त्या पापावर अख्खी गल्ली खूश होती.

कुलूपवाला मात्र आज हलला नाही. त्याचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान शेजारीच होतं, आणि आवाज कुलपं फोडण्याइतका होता.

"थांबा मास्तर. टेप दाखवा."

"कशाला? चौतीसच आहे. तुम्ही काय बदलताय होय!"

"तीच तर बोंब आहे! मागच्या वेळी चौतीस, त्याच्या आधी चौतीस. डॉक्टर म्हणाले पोट सुटलंय, तर मी त्यांनाच म्हटलं, आमचे मास्तर चौतीस सांगतात, तुमचाच काटा तपासा. छातीत कळ आली तेव्हा अक्कल आली. आता रोज सकाळी चालतोय, गोड बंद, जिभेला कुलूप घातलंय. आणि तुम्ही आजही चौतीसच म्हणता? मग माझी मेहनत गेली कुठं?"

मास्तर ओशाळले. आजवर कोणी खरा आकडा मागितला नव्हता. त्यांनी पुन्हा टेप लावला, आकडा डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, मान तिरकी केली.

"छत्तीस... का अडतीस? हा बल्ब बदलायला पाहिजे."

"बल्ब परवाच बदललाय," मास्तरीणबाई दारात येऊन म्हणाल्या.

त्या बरेच दिवस बघत होत्या. दुकानातला पाण्याचा जग दुपारपर्यंत रिकामा होत होता. मास्तर म्हणत, उकाडा आहे. पायाला कात्री लागलेली जखम भरत नव्हती. मास्तर म्हणत, चपलेचा दोष. आणि इस्त्री करताना बाईंना मास्तरांच्या पँटच्या कमरेत टीप सापडली होती. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. त्या बाजारात गेल्या की मास्तर गुपचूप मशीनवर बसून स्वतःची पँट आत घेत होते. विचारलं तर म्हणाले, कापड ताणलंय. तपासून घेऊ म्हटलं की, सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा जाऊ. असे किती सोमवार आले आणि गेले. आजचं मरण उद्यावर ढकलण्यात मास्तरांचा हात कोणी धरला नसता.

बाईंनी त्यांच्या गळ्यातला टेप काढला आणि त्यांच्याच कमरेभोवती घातला.

"अगं, काय करतेस? गिऱ्हाईक आहे समोर."

"म्हणूनच." बाईंनी आकडा पाहिला, आणि समोरच्या घड्याळवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकतीस! गेल्या वर्षी छत्तीस होती."

मास्तर कसनुसं हसले. "बारीक झालोय. चांगलंच आहे की."

कुलूपवाला त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मास्तर, मी तंगड्या तोडून फार तर दोन इंच उतरवले असतील. तुम्ही खुर्चीत बसून पाच कसे उतरवलेत?"

 मास्तरांनी सवयीने पाण्याच्या जगाकडे हात नेला. जग रिकामा होता.

शटर अर्ध्यावर ओढून बाईंनी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. रक्तात साखर एवढी होती की तपासणाऱ्या मुलीने दुसऱ्यांदा सुई टोचून खात्री करून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: उजव्या डोळ्याचं जे गेलं ते परत यायचं नाही. डावा वाचेल, पण साखर ताब्यात राहिली तर.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. बाईंना रडू फुटलं, आणि त्या रडण्यात अर्धा राग होता.

"मला कळत होतं गं," मास्तर म्हणाले. "सुईचं नाकं दोन दोन दिसायचं. वाटायचं, शिंप्याचे डोळे गेले तर मागं उरतं काय? विचारलंच नाही तर वाईट उत्तर यायचंच नाही."

"आणि मी? मी काय मेले होते? मला सांगता आलं नसतं?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. हातातली औषधांची पिशवी त्यांनी मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"ऐका. सुया मी ओवून देईन, जन्मभर. पण गोळ्या काढून देणार नाही. पथ्याचा पहारा करणार नाही. चालायला या म्हणून मागे लागणार नाही. ते तुमचं तुम्ही करायचं. मी बायको आहे, तुमची रखवालदार नाही."

 उठताना पिशवी मास्तरांनी स्वतः उचलली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दोनदा गोळी विसरली, एकदा शेजारच्या बारशाचे पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासून स्वतःच खजील झाले. बाई खरंच बोलल्या नाहीत. बोलणं गिळायचा त्रास मात्र त्यांना गोळ्यांपेक्षा जास्त झाला. हळूहळू मास्तर आणि कुलूपवाला सकाळी एकत्र चालू लागले. येताना त्यांच्या भांडणाचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. पायाची जखम भरली. दुकानात 'नेहमीचं' आणि 'जरा सैल' बंद झालं. आता मास्तर आकडा गिऱ्हाइकाच्या कानात सांगत, पण खरा सांगत. दोन गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली. मास्तर म्हणाले, जाऊ देत.

एका सकाळी चालून आल्यावर त्यांनी स्वतःच्या कमरेला टेप लावला, डाव्या डोळ्यासमोर धरला आणि आत ओरडून सांगितलं, "तेहतीस!"

"तेहतीस," आतून उत्तर आलं. 

मग मास्तर जुनी पँट घेऊन उजेडात बसले. आतल्या दोन टिपा त्यांनी सावकाश उसवल्या, बाहेरची पहिली ठेवली. दोरे वेचले, इस्त्री फिरवली. कापड मोकळं झालं, पण टिपांच्या जागी बारीक भोकांच्या दोन रांगा तशाच राहिल्या. त्यांना त्या दिसल्या नाहीत. अंगठा फिरवल्यावर लागल्या.

"पाणी मारून परत इस्त्री करू का?" बाईंनी विचारलं. "बुजतील कदाचित."

"नाही बुजत," मास्तर म्हणाले. "राहू देत."

त्यांनी पँट चढवली. मग दोऱ्याचं टोक आणि सुई बाईंपुढे धरली, आणि बाईंनी ती ओवून दिली.