दुपारचा भात

चुलीपाशी चांदीचे बोंडले आडवे पडले होते आणि त्याच्या चोचीतून ओघळलेला दुधाचा थेंब फरशीवर थांबला होता. शेजारच्या वाटीतला मऊ भात तसाच होता. त्याचा वरचा थर सुकू लागला होता. सासूबाईंच्या मांडीवर आठ महिन्यांचा मधू जड, तृप्त डोळ्यांनी झोपेकडे निघाला होता.

हेमा आज नेहमीपेक्षा लवकर परतली होती. आईचा वास आला की मूल भाताला तोंड लावत नाही, म्हणून रोज दुपारी भरवण्याचे काम सासूबाईंवर सोपवून ती नौपाड्यातल्या या घरातून बाहेर पडे आणि तलावाकाठच्या देवळात जाऊन बसे. दूध दाटून छाती दगडासारखी होई, पदराखाली पोलके भिजे. समोरचे पाणी मात्र कशाचीच आठवण नसल्यासारखे निश्चल असे. डॉक्टरांनी सांगितले होते, अंगावरचे दूध एकदम तोडू नका; आधी दुपारचे एक पाजणे कमी करा, भूक लागली असतानाच भात भरवा, दूध मागाहून. ते साधले असते तर जूनपासून मुलींच्या शाळेत शिकवायला जाता आले असते. पण भात रोज उरत होता. उद्या मुख्याध्यापिकाबाईंना नकार कळवायचे तिने जवळजवळ ठरवले होते.

"आधी दूध पाजलंत?" तिने विचारले.

"रडत होता."

"भुकेनंच ना? मग भात—"

"भात, भात! रेशनचा तांदूळ तो. खडे निवडून माझे डोळे गेले, आणि त्या एवढ्याशा घशात तो कोंबायचा?"

"मऊ शिजवून, गाळून ठेवला होता मी."

"तुझ्या त्या डॉक्टरानं किती पोरं वाढवलीत गं? आमच्या वेळी कोरफड लावायचो छातीला. पोर आपणहून तोंड फिरवायचं. हे असं रोज थोडंथोडं तोडणं, म्हणजे रोजची रडारड."

"मग तसं मला सांगायचंत. रोज मी विचारायची, खाल्ला का भात? आणि तुम्ही म्हणायचात, कार्टं तोंडच उघडत नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय. एवढ्यात त्याला सोडून जायला निघाले, म्हणून तो रुसलाय."

सासूबाईंनी मधूच्या हनुवटीवरचे दूध पदराने टिपले. ते टिपून झाल्यावरही त्यांचा हात तिथेच फिरत राहिला.

"रडणारं पोर माझ्याच्यानं बघवत नाही," त्या म्हणाल्या.

हेमा त्यांच्यासमोर खाली बसली. तिचा आवाज चढला नाही.

"आई, तो रडतो म्हणून तुम्ही दूध देता, की मी घरात राहावं म्हणून?"

सासूबाईंनी झोपलेल्या मधूला अलगद तिच्या मांडीवर दिले, गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि परसदारच्या कोरफडीकडे चालू लागल्या.