लंगडा घोडा

परीक्षक सिनेमाला पंधरा मिनिटं उशिरा जायचा आणि त्यात त्याला स्वतःचा मोठेपणा वाटायचा. बाहेर चहा घेत ओळखीपाळखीच्या लोकांशी गप्पा हाणायच्या, मग अंधारात रुबाबात आत शिरायचं. "सुरुवातीला नुसती नावं तर असतात," असं तो बायकोला सांगे. तीस वर्षांत त्याचं काही अडलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दोन महिने आधी त्याला एक सिनेमा दाखवला गेला. सगळा हातानं चितारलेला, काउबॉयच्या धाटणीचा वेस्टर्न, आणि तोही जगावेगळा. वाळवंटातलं गाव, नायिका एक म्हातारी न्हावीण, सोबतीला तिचा घोडा. पहिला तासभर कुणी तोंडच उघडत नाही. शेवटी मारामारी व्हायची तर वैरी मुकाट्यानं खुर्चीत बसतो आणि तिच्याकडून दाढी करून घेतो. परीक्षकाचा जीव हरखून गेला. खरंच हरखला, त्यात खोट नव्हती.

पण त्याची एक पद्धत होती. कागदावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा; छापूनही तसंच यायचं. संपादकांचा दंडकच होता, उणीव नाही तर ते परीक्षण नव्हे, जाहिरात. डावी बाजू भराभर भरली. उजवी कोरी. पेन चावून चावून शेवटी त्यानं लिहिलं: 'घोड्याची चाल कच्ची आहे. मागचा डावा पाय उगाच अडखळतो. चितारणाऱ्याचा हात अजून बसलेला नाही.' दोन्ही बाजू कशा तोलून आल्या! परीक्षण लगेच छापायला गेलं आणि त्या रात्री परीक्षकसाहेबांना गाढ झोप लागली.

सिनेमा लागला तेव्हा बायकोनं तिकिटं काढली आणि बजावलं, "अहो, मला पहिल्यापासून बघायचाय. चहा घरी प्या." त्यामुळे तीस वर्षांत पहिल्यांदा तो वेळेवर खुर्चीत बसला.

तिसऱ्याच मिनिटाला गोळी सुटली. सबंध सिनेमातली एकुलती एक गोळी, आणि ती घोड्याच्या मागच्या डाव्या पायात शिरली. म्हातारीनं वस्तऱ्यानं ती काढली, स्वतःचा अंगरखा फाडून जखम पुसली, वर मलम लावलं. परीक्षकाला आपलीच ओळ आठवली. म्हणजे घोडा लंगडत होता!

मग पुढचं दृश्य आलं आणि घोडा ताठ चालू लागला. चारही पाय धडधाकट. मागून कुणीतरी म्हणालं, "मलम भारी दिसतंय!" आणि सगळं थिएटर खो खो हसलं. पुढे म्हातारी घोड्याला थांबून थांबून विसावा द्यायची, तेव्हा तेव्हा लोक हसत राहिले. बायकोही हसली. तो खुर्चीत अंग चोरून बसला.

बाहेर पडताना एक मुलगी लगबगीनं पुढे आली. बोटांना अजून शाई होती.

"सर, तुमचा फोटो बघितला होता म्हणून ओळखलं. घोडा माझा. दीड वर्षं लंगडणंच काढत होते. तुमचं वाचून निर्माते म्हणाले, एवढ्या जाणकार माणसाला कळलं नाही म्हणजे ते जमलेलंच नाही, काढून टाक. मग महिनाभर बसून सरळ केला." ती ओशाळून हसली. "लोक हसले, पण आधीचं आणखी वाईट दिसलं असतं, नाही का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सुटला असता. तो शब्द ओठांवर आलाही होता. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती, तिला सगळं उमगलं होतं.

"पोरी, तुझा घोडा चुकला नव्हता," तो म्हणाला. "मी पंधरा मिनिटं उशिरा आलो होतो. गोळी मी पाहिलीच नव्हती."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं खांद्यावरच्या पिशवीतून त्याच्या परीक्षणाचं घडी घातलेलं कात्रण काढलं. डावी बाजू तिनं लाल पेनानं अधोरेखित केली होती, ओळ न् ओळ.

"आणि हे?" तिनं विचारलं. "हे तरी बघून लिहिलंत का?"

"हो," तो म्हणाला. ते खरं होतं. पण तिनं कात्रण त्याच्या हातात ठेवलं आणि ती निघून गेली.