तीन बोटं, तीन कुळं

मी बोलतेय. लष्कराच्या छावणीजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कपाटात उभी आहे ती मी. पोटात कापूस, डोळे काचेचे. लोक मला लावा पक्षी म्हणतात, तोही नर. खरं तर मी नर नाही आणि लावाही नाही, नुसती दिसायला लाव्यासारखी; पण हे कळायला माणसांना फार वर्षं लागली.

माझा जन्म शहराबाहेरच्या माळावर झाला. आज तिथं पुंडलिकनगरच्या इमारती आहेत. आमच्यात मादी मोठी आणि रंगानं उठावदार असते, अंडी नर उबवतो. बहात्तरच्या दुष्काळात माळावर गवताची काडी उरली नाही. सिल्लोडकडून दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेल्या कारभारी नावाच्या मजुरानं फास लावला आणि मी सापडले. त्यानं माझी मान मुरगळली. चूल पेटवणार, तेवढ्यात कॉलेजातले सदाशिव सर मुलांना घेऊन तिथं आले.

"हा पक्षी मला देता का?"

"घ्या की. पर येवढ्याशा जिवाचं काय करनार तुमी?"

"मुलांना दाखवीन."

"दाखवा. आमाला बी काय पुरनार नाय म्हना," कारभारी म्हणाला.

सरांनी आपला डबा त्याला दिला. त्यानं एक भाकर खाल्ली, दुसरी बायकोसाठी फडक्यात बांधली. त्याच्यावर माझा राग नाही. त्या वर्षी मीही उपाशीच होते.

सरांनी मला एका कारागिराकडून भरून घेतलं आणि पायाशी पाटी लावली: 'लावा, नर. गण कोंबड्यांचा.' गण म्हणजे पक्ष्यांचं मोठं कुळ. रंग उठून दिसतो म्हणजे नर, असं ते धरून चालले. वर्गात प्रमोदिनी नावाची एक विद्यार्थिनी उभी राहिली.

"सर, कोंबडीला मागं एक बोट असतं. ह्याला पुढची तीनच आहेत."

"भरताना तुटलं असेल."

"दोन्ही पायांचं?"

"खाली बसा. पुस्तकात आहे तेच पेपरात लिहायचं."

ती बसली. त्या वर्षी पुन्हा तिनं काही विचारलं नाही.

पुढं तीच इथं प्राध्यापक झाली. सर निवृत्त झाल्यावर तिनं नवी पाटी लावली: 'मादी. गण क्रौंचांचा.' बाहेरच्या विद्वानांनी आमची हाडं तपासून तसं फार आधीच ठरवलं होतं म्हणे. मी जन्मात क्रौंच पाहिला नव्हता. लांब मानेचा, उंच पक्षी असतो, एवढं वर्गातून ऐकून कळलं. मूठभर अंगाची मी, पण तिनं म्हटलं म्हणून क्रौंचांची नातलग झाले. उभं आयुष्य तिनं तेच शिकवलं.

शहर खिडकीपर्यंत आलं. मग पुन्हा दुष्काळ पडला, कॉलेजच्या दारात टँकर उभे राहू लागले. त्या उन्हाळ्यात वैदेही नावाची संशोधक विद्यार्थिनी प्रमोदिनी मॅडमकडं आली.

"मॅडम, ही क्रौंचांतली नाही. बाहेरच्या संशोधनात हिच्या जातीचा डीएनए टिटवीच्या गणाकडं जातोय. आपल्या भागातले पक्षी ताडून बघायचेत, हिच्या बोटाची सालटी घेऊ?"

"आता तू मला शिकवणार? कपाटाला हात लावायचा नाही."

कपाटाला कुलूप लागलं. बरेच दिवस मॅडम माझ्यासमोरून मान खाली घालून जात.

एका दुपारी त्यांनी स्वतः कुलूप काढलं, मला टेबलावर ठेवलं आणि वैदेहीला बोलावलं.

"सरांनी मला खाली बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "मीही तुझ्याशी तसंच वागले. कापून घे. मी धरते."

त्यांनी माझा पाय दोन बोटांत धरला, वैदेहीनं सालटी कापली. मला काही दुखलं नाही.

वैदेहीचं म्हणणं खरं निघालं. टिटव्या, कुरव, पाण्याकाठचे कितीतरी पक्षी माझे भाऊबंद. दुष्काळात मी पाण्यावाचून तडफडले, हे त्यांना कुणी सांगावं? तिसरी पाटी मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिली. आधीच्या दोन काढल्या नाहीत. "मुलांना दिसू दे, आपण कसे चुकत आलो," म्हणाल्या.

आता त्याही निवृत्त झाल्यात. नवी इमारत होणार म्हणून आमचं कपाट जिन्याखाली ढकललंय. परवा दोघी भेटायला आल्या होत्या. वैदेही सांगत होती, सिल्लोडकडच्या माळावर तिनं माझ्या जातीच्या एका मादीचं घुमणं ऐकलं, पण ती दिसली नाही.

"मलाही ने एकदा," मॅडम म्हणाल्या. "मी जिवंत कधी पाहिलीच नाही."

बोलत बोलत दोघी गेल्या, कपाटाचं दार तसंच राहिलं. मी फार थकलेय. पिसांना कसर लागलीय. चौथं कुळ निघालं तर तेही खुशाल लिहा. फक्त इकडून जाताना तेवढं दार ओढून घ्या.