साहेबांच्या जागी वहिनी

विधानसभेत विरोधक त्यांना 'जुनं सोनं' म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलेलं, पण साहेबांना ते मनापासून आवडायचं. बाईनं घर सांभाळावं, मुलांनी थोरांपुढे उलटून बोलू नये, शाळेजवळ दारूचं दुकान नसावं, एवढ्या भांडवलावर ते तीनदा निवडून आले होते. आवाज असा खणखणीत, की माईक बंद पडला तरी सभा अडायची नाही.

नेमका तोच गेला. घशात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण तोंडातून नुसती कुजबूज उरली. निवडणूक उंबरठ्यावर आलेली. पक्षाध्यक्ष घरी आले, बाहेरच्या खोलीत बसले आणि चहा संपता संपता म्हणाले की या वेळी वहिनींना उभं करू. बोलतील त्या, चालवाल तुम्ही.

साहेबांनी मान हलवली. लग्न ठरताना वहिनींना शिक्षिकेची नोकरी सोडायला लावली होती ती त्यांनीच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पहिली भाषणं साहेबांनीच लिहून दिली. वहिनी ती वाचायच्या, पण वर्गात धडा शिकवावा तशा: सावकाश, मधेच थांबून, पुढच्या रांगेतल्या एखाद्या म्हातारीला "कळलं ना, मावशी?" असं विचारून. लोक हसायचे. सभा संपली तरी घुटमळायचे, आपापली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. साहेब गाडीत बसून वाट बघायचे. शब्द माझे आणि गर्दी हिच्याभोवती, हे त्यांच्या मनात सलायला लागलं.

वहिनी निवडून आल्या, तेही साहेबांना कधी मिळाली नव्हती इतक्या मतांनी. अभिनंदनाला आलेला शेजारी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की आता तुम्ही निवांत झालात. साहेबांना तो हात झटकून टाकावासा वाटला.

मग शाळेजवळच्या दारूच्या दुकानांचं विधेयक आलं. साहेबांनी ते दोनदा मांडलं होतं, घसा फुटेस्तोवर बोलले होते, आणि दोन्ही वेळा ते आपटलं होतं. वहिनी फारशा बोलल्याच नाहीत. विधानसभेच्या उपाहारगृहात विरोधकांच्या टेबलाशी जाऊन बसल्या, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली, शाळेपासूनच्या अंतराच्या अटीत थोडी माघार घेतली आणि विधेयक मंजूर करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्यांचा फोटो होता. साहेबांचा फोटो एवढ्या वर्षांत आतल्या पानापलीकडे गेला नव्हता.

"एवढी माघार घ्यायची काय गरज होती?" ते कुजबुजले.

"काहीच न मिळण्यापेक्षा बरं ना," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना वाढायला लागल्या. साहेबांना घास गिळवेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घसा ठीक आहे.

तेव्हापासून ते तिच्यातल्या खोडी शोधू लागले. ती फोनवर हसली की कोणाशी, म्हणून कान द्यायचे. तिच्या नव्या चपलाही त्यांना खुपायच्या. आपण हे काय करतोय, हे त्यांना कळत होतं. पण कळतं पण वळत नाही, अशी गत.

पुढच्या निवडणुकीची तिकिटं ठरायची होती. साहेब एकटेच पक्षाच्या कचेरीत गेले आणि अध्यक्षांच्या कानाशी वाकून सांगितलं की तिची ऊठबस हल्ली विरोधकांत आहे, ती माझ्या ऐकण्यात राहिलेली नाही, उद्या पलीकडे गेली तर मला दोष देऊ नका.

अध्यक्षांनी तिकिटांची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "घरचा माणूसच सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार."

तिकीट एका कंत्राटदाराला मिळालं. वहिनींनी तक्रार केली नाही, उलट त्याच्यासाठी घरोघर फिरल्या. तरी तो सपाटून पडला. कित्येक वर्षांची हक्काची जागा पक्षाच्या हातून गेली.

पराभवानंतरच्या बैठकीत कुणीतरी अध्यक्षांना धारेवर धरलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत हात झटकले. मी काय करू, म्हणाले, यांच्या साहेबांनीच येऊन सांगितलं होतं. वहिनी तिथंच बसलेल्या.

घरी आल्या तेव्हा साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते. तिचा चेहरा बघताच त्यांनी पुढ्यातलं वर्तमानपत्र उचललं. वहिनी समोर बसल्या.

"मला म्हणाला असतात, तर मी जागा आपणहून सोडली असती," त्या म्हणाल्या. "बायकोशी बोलायला कुठं मोठा आवाज लागतो?"

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घालून ते खाली ठेवलं.

वहिनी रडल्या नाहीत, माहेरीही गेल्या नाहीत. साहेबांचं पथ्यपाणी, औषधं, सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं. फक्त त्या त्यांच्यासोबत जेवायला बसेनाशा झाल्या. आणि महिनाभरात बाहेरच्या खोलीत त्यांनी आपलं टेबल मांडलं. पद नव्हतं, तरी लोक यायचेच. कुणाची बदली, कुणाच्या मुलीचा शाळाप्रवेश.

एका सकाळी दारावरची घंटा वाजली. वहिनी आत होत्या, म्हणून साहेब उठले. दारात एक तरुण बाई उभी होती, हातात कागदांची पिशवी.

"वहिनी आहेत का?" तिनं विचारलं. साहेबांना तिनं ओळखलंच नाही.

ते काहीतरी म्हणाले. तिला ऐकू आलं नाही. ती जवळ सरकली, कान पुढे केला. "काय म्हणालात, काका?"

साहेबांनी क्षणभर दाराची चौकट घट्ट धरली. मग बाजूला झाले आणि पुन्हा, जमेल तेवढ्या जोरानं म्हणाले, "आहेत. आत या, बसा."