खंडेनवमीचं चंदन आणि मी

साहेब, शाळा तपासायला आलात आणि वहीत तुम्ही खोटं लिहिलंत. 'जपानी माल. निकामी. भंगारात काढावा.' माझ्या पाठीचे दोन स्क्रू सोडवायची तसदी न घेता तुम्ही हा शेरा ठोकलात. आता माझी बाजू ऐका. मित्रांनो, तुम्हीही ऐका.

मी मद्रासजवळच्या एन्नोरच्या शाळेतला जुना ट्रान्झिस्टर. माझा जन्म जपानातल्या एका गळक्या शेडमध्ये झाला. माझे कर्ते तोयोनागा हे छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचे चिरंजीव. लढाईत गाव जळालं, तेव्हा त्यांनी बापाच्या मोडक्या छत्र्यांच्या काड्यांपासून एरियल केल्या आणि रेडिओ विकायला सुरुवात केली. पुढे हाताखाली तीनशे माणसं आली, तरी पाना-पेचकस खिशात घेऊनच फिरायचे.

अंबुजाबाई म्हणजे तंजावरकडच्या मराठी घरातल्या, या शाळेत कोळ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या. त्यांच्या भावानं मला १९५९ साली बोटीवरून मद्रासला आणलं. काय दिवस होते! मी गायचो, मुलं बाकांवर ठेका धरायची. मी वादळाचा इशारा दिला की होड्या किनाऱ्यावरच थांबायच्या.

मग आली खंडेनवमी. इथले लोक तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी प्रत्येक हत्याराला गंध-कुंकू लागतं. शाळेत जेवण रांधणाऱ्या कनकानं मला इतकं ओलं चंदन माखलं, की ते आवाजाच्या भोकांतून थेट आत कर्ण्यावर उतरलं. दसऱ्याला मी मुका! आणि नेमके तुम्ही त्याच आठवड्यात तपासणीला आलात.

तुम्ही गेल्यावर बाईंनी माझ्या पाठीवर छापलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. चार महिन्यांनी तोयोनागा मद्रासला आले. व्यापारी हार घेऊन हॉटेलात बसलेले, आणि हे आगगाडीनं थेट एन्नोरला! जमिनीवर मांडी घालून त्यांनी मला उघडलं. कर्ण्याचा कागद चंदनानं कडक होऊन फाटला होता.

"अक्का, हे कुणी केलं म्हणून विचारतायत," बाई कनकाला म्हणाल्या.

"अय्यो, मीच की! कढईला लावलं, घंटेला लावलं. हा एकटाच कोरडा राहिला असता तर रुसला नसता?"

बाईंनी ते इंग्रजीत सांगताच तोयोनागा पोट धरून हसले. मग म्हणाले, "थोडी भाताची पेज मिळेल?"

"एवढा मोठा मुदलाळी, कारखान्याचा धनी, आणि पेज मागतो! घरी जेवायला घालत नाहीत काय?"

पण पेज त्यांना चिकटवायला हवी होती. पातळ कागदाचं ठिगळ लावून ते वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले. मग बटण फिरवलं, आणि मी सनईसारखा असा नागस्वरम वाजवला की कनका पळी घेऊनच नाचली! तोयोनागा तिच्यापुढे कमरेत वाकले. म्हणाले, "चूक माझी. ज्याला पूजा सोसत नाही, असं कच्चं यंत्र मी बनवलं." पुढच्या साली त्यांच्या प्रत्येक रेडिओच्या भोकांमागे कापड आलं.

मित्रांनो, वस्तू गप्प झाली की आधी ती उघडून बघा. फेकायला अक्कल लागत नाही.

आणि साहेब, मी पुन्हा वाजतोय, शेरा खोडा, असे बाईंनी तुम्हाला तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. सोमवारी तुमचा माणूस मला भंगारात न्यायला येणार. मी गेलो तर वादळाचा इशारा या किनाऱ्याला कोण देणार? तुम्ही? शेरा खोडताय की नाही, ते इथं येऊन, या मुलांसमोर सांगा.